बावटा नसलेला मुलूख

मालवण, वेंगुर्ला, पणजी किंवा कारवार यांच्या आसपास ज्यांचे बालपण गेले, त्यांना बावटा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. समुद्रात वादळ उठले की बंदरावरच्या खांबावर खूण चढते, रात्री दिवे लागतात, आणि तीन नंबर लागला की तांडेल होडी पाण्यात घालीत नाही. समुद्र शांत दिसत असला तरी घालीत नाही. न दिसणाऱ्या वादळाची वार्ता दिसणाऱ्या खुणेने देण्याची ही व्यवस्था किनाऱ्यावर इतकी अंगवळणी पडली आहे, की ती नसलेला प्रदेशही असतो याचे भान आपणांस सहसा राहत नाही. प्रस्तुत लेख अशाच एका प्रदेशाविषयी आहे.

गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, आळंदमार्गे उमरग्याकडे जाताना सरहद्दीच्या अलीकडे खजुरी हे गाव लागते. बाजारात मराठी व कानडी दोन्ही ऐकू येतात. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा आळंद, गुलबर्गा, बीदर हा भाग म्हैसूर राज्यात गेला व पलीकडचा उमरगा मुंबई राज्यात, आणि १९६० नंतर महाराष्ट्रात. जमीन काळी, कातळ पावसाच्या पाण्याला दाद न देणारा, आणि पाऊस वर्षाकाठी साडेसातशे ते आठशे मिलिमीटर. येथील मनुष्य पिढ्यानपिढ्या दुष्काळाला भीत आला. पुराची भीती त्याला वारशाने मिळालेली नाही. कर्नाटक सरकारची हवामानावर लक्ष ठेवणारी संस्था १९८८ मध्ये निघाली तीही दुष्काळ-निरीक्षण कक्ष या नावाने. आणि तरीही दख्खनच्या या भागात पूर आला की तो दुष्काळासारखा महिनेच्या महिने रेंगाळत येत नाही; एका रात्रीत येतो.

याचे कारण समजून घेतल्यावाचून पुढील इतिहासाचा उलगडा होणार नाही. आपल्या कोकणचा पाऊस पश्चिमेकडून येतो व सह्याद्रीवर आपटून रिता होतो. आळंद-बीदरच्या माथ्यावर त्याचे उरलेसुरले शिंतोडे पोचतात. या मुलखाला खरी भिजवण मिळते ती पावसाळ्याच्या उत्तरार्धात, आणि तीही उलट दिशेने. बंगालच्या उपसागरावर कमी दाबाचे क्षेत्र तयार होते, ते आंध्रच्या किनाऱ्यावर चढते आणि पश्चिमेकडे सरकत तेलंगण, बीदर, कलबुर्गी, सोलापूर असे चालत येते. वर्तमानपत्रांतून हल्ली वादळी ‘आघाड्या’ असा शब्द वाचावयास मिळतो. तो पहिल्या महायुद्धानंतर नॉर्वेतील बर्गेन येथल्या शास्त्रज्ञांनी योजिलेल्या शब्दाचा अनुवाद होय. थंड व उष्ण हवा जेथे एकमेकींना भिडतात त्या रेषेला त्यांनी रणभूमीवरून नाव दिले. युरोपात ते शोभते. दख्खनवर अशा आघाड्या येत नाहीत. येथे वैशाखात वळवापूर्वी धुळीची भिंत चालून येते ती घटकाभराची असते, आणि आश्विनात येतो तो उपसागरावरचा फिरता अवदाब. तो दीड-दोन दिवसांची वाट चालून येतो.

आश्विनातला हाच पाऊस घातक का, तेही सांगितले पाहिजे. मृगात काळ्या जमिनीला हात हात भेगा पडलेल्या असतात. पडेल ते पाणी ती पिऊन टाकते. हस्त लागेपर्यंत त्या भेगा मिटलेल्या असतात, माती फुगून घट्ट झालेली असते आणि तळी भरलेली असतात. मग तासाभरात पडलेले पाणी जमिनीत न जाता सरळ ओढ्यात उतरते. जो पाऊस जूनमध्ये आशीर्वाद ठरला असता तोच सप्टेंबरअखेर गुरे वाहून नेतो.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक नव्हते असे नाही. हस्त नक्षत्राला लोक हत्तीच म्हणतात. भोंडल्यात पोरी पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरतात तो याच दिवसांत. रब्बीच्या ज्वारीची पेरणी या पावसावर अवलंबून. पंचांगकर्ते प्रत्येक नक्षत्राचे वाहन देतात: बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला तर पाऊस भरपूर, कोल्हा किंवा उंदीर आला तर बेताचा. या परंपरेची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. मात्र तिचे माप तेरा-चौदा दिवसांचे आहे, आणि ती साऱ्या देशाला एकच वाहन देते. उद्या दुपारी अमुक ओढ्याला पाणी येईल काय, हा प्रश्न पंचांगाला विचारलाच गेला नाही. संतवाङ्मयात मात्र तो एके ठिकाणी आला आहे. खजुरीच्याच तालुक्यातून वाहणारी अमरजा जेथे भीमेला मिळते त्या गाणगापूरची एक कथा गुरुचरित्रात आहे. श्रीनृसिंहसरस्वतींच्या सांगण्यावरून एका शेतकऱ्याने हिरवे उभे पीक कापून टाकले. गावाने त्याला वेड्यात काढले, जमिनीच्या वाट्याविषयी तक्रार झाली, तेव्हा त्याने दुप्पट धान्याची हमी दिली. पुढे अवकाळी वारा-पाऊस होऊन इतरांचे पीक गेले आणि त्याच्या कापलेल्या धाटांना नवे फुटवे आले. भाविक या कथेत गुरुवचनावरील निष्ठा पाहतात, ते योग्यच. मला वकील म्हणून तीत आणखी एक गोष्ट दिसते: इशारा एकालाच मिळाला होता, आणि त्यावर विश्वास ठेवण्याची किंमत त्याला आधी मोजावी लागली.

आता सरकारी इशाऱ्याचा इतिहास पाहू. १८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्यावर व नोव्हेंबरात मच्छलीपट्टणवर अशी दोन भीषण चक्रीवादळे एकापाठोपाठ आली व हजारो माणसे मेली. कलकत्त्याच्या बंदरात जहाजांचा जो चक्काचूर झाला त्याने व्यापारी वर्ग हादरला, आणि पुढच्याच वर्षी त्या बंदरासाठी वादळाच्या इशाऱ्याची व्यवस्था झाली. १८७५ मध्ये हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या हाताखाली हिंदुस्थानचे हवामान खाते निघाले. १८७८ पासून सिमल्याहून रोजचे हवामानपत्रक निघू लागले. देशभरच्या वेधशाळांचे आकडे तारेने गोळा होत. १८९८ पासून सर्व बंदरांना खुणांची एकच पद्धत लागू झाली. बावट्याची जन्मकथा ती ही.

या खात्याचे गिऱ्हाईक दोन होते. एक बंदर, दुसरे सरकारचा महसूल. दुष्काळांनंतर सरकारला यंदाचा पावसाळा कसा जाणार हे आगाऊ हवे होते. १९०४ मध्ये खात्याचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे मोठे गणिती. त्यांनी जगभरच्या दाबांचे व तापमानांचे आकडे जुळवून मोसमी पावसाचे भाकीत बांधण्याचा अचाट उद्योग केला, त्याचे ऋण आजचे शास्त्रही मान्य करते. परंतु जहाजाला दोन दिवसांचा इशारा आणि सरकारला चार महिन्यांचे भाकीत यांच्यामध्ये कोणी तरी राहून गेले होते. किनाऱ्यापासून दोनशे मैल आत, नदीकाठी झोपलेल्या माणसाला उद्या काय होणार हे सांगणे कोणाचेच काम नव्हते. वादळ किनारा ओलांडून जमिनीवर चढले की बावटा उतरे. बंदरापुरते संकट तेथेच संपले.

त्या राहून गेलेल्या माणसाचा हिशेब १९०८ मध्ये झाला. त्या सालची घटस्थापना २६ सप्टेंबरला होती, आणि रमजानचा महिनाही त्याच सुमारास लागला. हैदराबादेत मुशी नदीच्या दोन्ही तीरांवर दाट वस्ती होती. या शहराशी मराठी माणसाचे नाते जुने. मराठी मुलांसाठी विवेकवर्धिनी ही शाळा आदल्याच वर्षी, १९०७ मध्ये निघाली होती, आणि तिच्या चालकांतील केशवराव कोरटकर यांनी वकिलीची सुरुवातीची वर्षे गुलबर्ग्यातच काढली होती. उपसागराकडून आलेल्या चक्री पावसाने मुशीच्या वरच्या खोऱ्याला गाठले. शहराच्या दक्षिणेस शमशाबाद येथे चोवीस तासांत १२.८ इंच व अठ्ठेचाळीस तासांत १८.९ इंच पावसाची नोंद झाली, म्हणजे वर्षाच्या निम्म्याहून अधिक पाऊस दोन दिवसांत.

एवढ्यानेही कदाचित निभावले असते. परंतु त्या खोऱ्यात काकतीयांपासून कुतुबशाहीपर्यंतच्या राजवटींची परंपरा सांगणारी तळ्यांची साखळी होती. लहानमोठी मिळून ७८८ तळी. एकाचा सांडवा दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात. सामान्य साली ही रचना शहाणपणाची. त्या रात्री तिचाच घात झाला. वरचे तळे फुटले की त्याचे पाणी खालच्या तळ्याच्या बांधावर आदळे, तो फुटे, आणि दोघांचे मिळून पाणी तिसऱ्यावर जाई. अशी २२१ तळी फुटली. २८ सप्टेंबरच्या पहाटे मुशी चढू लागली ती पावसाच्या वेगाने नव्हे, तर बांध फुटण्याच्या वेगाने. पुढे अभियंत्यांनी त्या पुराचे माप सेकंदाला ४,२५,००० घनफूट असे ठरविले. अफजलगंजचा पूल गेला. सुमारे १९,००० घरे पडली, आणि मृतांची संख्या १५,००० च्या आसपास मानली जाते. अफजलगंजच्या दवाखान्याच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढलेली दीडशे माणसे वाचली. पुढे मोठे नाव मिळविलेले उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी व मुलगी त्या दिवशी वाहून गेली. ते एकटे उरले. एका पुरोहिताच्या सल्ल्यावरून निजाम महबूब अली खान यांनी नदीची पूजा केली व मग पाणी ओसरले, अशी कथा हैदराबादेत सांगतात. ती पुराव्याने सिद्ध करण्याची बाब नव्हे. पण नदी कोणत्या धर्माच्या माणसाला बुडवीत होती हे त्या दिवशी कोणी पाहत नव्हते एवढे तीतून कळते.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की हैदराबादेत १८७४ पासून रेल्वे होती आणि तारायंत्र होते. शमशाबादचा पर्जन्यमापक आकडा नोंदवीत होता. तो आकडा वाचून ‘नदीकाठ सोडा’ असे सांगणारा अधिकारी मात्र नव्हता. कारण त्या आकड्याचा उपयोग वर्षअखेर सरासरी काढण्यासाठी होता.

पुरानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. पुण्याच्या कॉलेजात शिकलेले, मुंबई इलाख्याच्या सेवेतून नुकतेच निवृत्त झालेले हे गृहस्थ तेव्हा परदेशी प्रवासात होते. १९०९ मध्ये ते आले. वर दिलेले तळ्यांचे व पाण्याचे आकडे आपणांस मिळतात ते त्यांच्याच काटेकोरपणामुळे. शहराच्या वर दोन मोठे जलाशय बांधून पूर तेथेच अडवावा, असा त्यांचा सल्ला होता. त्याप्रमाणे १९२० मध्ये उस्मानसागर व १९२७ मध्ये हिमायतसागर पूर्ण झाले. ही योजना निःसंशय थोर. पुढे कित्येक पिढ्यांनी तिचे पाणी प्याले. तथापि तिचा एक परिणाम असाही झाला की पुरावरचा उपाय म्हणजे धरण, हा समज आपल्या राज्यकर्त्यांच्या मनात पक्का बसला. दगडी भिंत दिसते, तिला कोनशिला लावता येते. दोन ओळींच्या तारेला कोनशिला नसते. जमिनीवरच्या माणसासाठी इशारा देणारी व्यवस्था फार सावकाश आली. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. शेतकऱ्यांसाठी आकाशवाणीवरून हवामानवार्ता १९४५ मध्ये सुरू झाली. नदीच्या पुराचा शास्त्रीय अंदाज १९५८ मध्ये, तोही प्रथम दिल्लीच्या यमुनेपुरता. आणि १९६१ च्या १२ जुलैला पानशेत फुटून पुणे बुडाले, तेव्हा ज्या शहरात देशाच्या हवामानाचे नकाशे काढले जात त्याच शहरातील पेठांना पाणी दारात आल्यावर पुराची बातमी कळली.

येथे कायद्याकडे वळणे भाग आहे. तळे फुटून नुकसान झाले तर जबाबदार कोण, हा प्रश्न मुशीच्या पुरापूर्वीच लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला होता. मद्रास रेल्वे कंपनी विरुद्ध कार्वेटीनगरमचे जमीनदार या १८७४ च्या खटल्यात अतिवृष्टीने जमीनदाराची तळी फुटून रेल्वेची हानी झाली होती. आपल्या जमिनीवर धोक्याची वस्तू साठवील त्याने तिच्या परिणामांची भरपाई करावी, हा इंग्रजी कायद्याचा दंडक कंपनीने पुढे केला. न्यायाधीशांनी तो मानला नाही. ही तळी जमीनदाराने हौसेने बांधलेली नाहीत, ती प्राचीन काळापासून लोकजीवनाचा आधार आहेत, ती राखणे हेच त्याचे कर्तव्य आहे; म्हणून हयगय सिद्ध झाल्यावाचून तो जबाबदार नाही, असा निर्णय झाला. निजामाच्या न्यायालयांवर तो बंधनकारक नव्हता. पण विचार म्हणून मला तो आजही उत्तम वाटतो. फक्त त्यातील ‘हयगय’ या शब्दाचा अर्थ तेव्हापासून पालटला आहे. पाऊस येणार हे कळण्याचा मार्गच नव्हता, तेव्हा त्याला दैवी आपत्ती म्हणून हात जोडणे रास्त होते. जो पाऊस दोन दिवस आधी नकाशावर दिसतो, त्याविषयी दैवाकडे बोट दाखविणे दिवसेंदिवस अवघड होत जाणार.

असा नकाशावर दिसलेला पाऊस २०२० च्या ऑक्टोबरात आला. उपसागरावरचा तीव्र अवदाब १३ ऑक्टोबरच्या सकाळी काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढला. त्या दिवशी व रात्री हैदराबादेत बेगमपेठेला सुमारे १९० मिलिमीटर पाऊस झाला. उपनगरांतील तळी भरून वाहिली, काहींचे बांध फुटले. १९०८ चीच कथा, फक्त तळ्यांच्या पोटात आता घरे होती. दुसऱ्या दिवशी अवदाब उत्तर कर्नाटक व सोलापूरच्या पट्ट्यात होता. किनाऱ्यापासून कलबुर्गीपर्यंतचे साडेपाचशे-सहाशे किलोमीटर त्याने साधारण एका दिवसात तोडले. १४ तारखेस पंढरपुरात चंद्रभागेच्या कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण दगावले. पुढील दिवसांत, नवरात्र बसता बसता, भीमाकाठची कलबुर्गी जिल्ह्यातील गावे पाण्याखाली गेली.

हवामान खात्याचे इशारे या वेळी आगाऊ निघाले होते. तांबडा, नारिंगी, पिवळा असे जिल्ह्याजिल्ह्याचे रंग लागले होते. खात्याला येथे दोष देणे अन्यायाचे होईल. अडचण पुढच्या पायरीची आहे. जिल्हा केवढा, आणि ओढा केवढा! तांबडा रंग लागलेल्या जिल्ह्यात दहा गावांत पाऊस कोसळतो, शंभर गावांत नुसते आभाळ येते; ती शंभर गावे पुढच्या वेळी रंगावर विश्वास ठेवीत नाहीत. या उणिवेवर शास्त्राने तोड काढली आहे. त्याच महिन्यात, २३ ऑक्टोबर २०२० रोजी, दक्षिण आशियासाठी आकस्मिक पुराच्या मार्गदर्शनाची यंत्रणा सुरू झाली व तिचे केंद्र भारताकडे आले. कोणत्या लहान पाणलोटात जमीन किती भिजलेली आहे आणि आणखी किती पाऊस झाला तर ओढा पात्र सोडील, याचा हिशेब ती सुमारे चार किलोमीटरच्या चौकटीपर्यंत मांडते: धोक्याचा सहा तास आधी, संभवाचा चोवीस तास आधी. काळ्या मातीच्या मिटलेल्या भेगा प्रथमच कोणी तरी हिशेबात धरल्या. कर्नाटकाने ग्रामपंचायतीपर्यंत स्वयंचलित पर्जन्यमापक बसविले आहेत व ‘वरुणमित्र’ नावाची दूरध्वनिसेवा चालविली आहे. बावट्याचे कापड विणून तयार आहे, असे म्हणता येईल.

तो चढवावयाचा कोणी? २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने कलम ३० अन्वये पूर्वसूचनेची व लोकांस माहिती देण्याची व्यवस्था ठेवण्याचे काम जिल्हा प्राधिकरणाकडे दिले. कलम ५४ प्रमाणे खोटी आवई उठवून घबराट पसरविणारास शिक्षा आहे. त्यामुळे सावध कारकून इशारा देण्यापेक्षा गप्प राहणे पसंत करील अशी शंका येते. परंतु कलम ७४ ने तिचे निवारण केले आहे: अधिकाऱ्याने आपल्या अधिकारात दिलेल्या इशाऱ्याबद्दल त्याच्यावर न्यायालयात कारवाई होऊ शकत नाही. माझ्या मते संपूर्ण कायद्यातील हे सर्वांत शहाणे कलम, आणि सर्वांत कमी वाचले जाणारे. पाऊस हुकला तर संरक्षण आहे. पाऊस आला आणि इशारा दिला नव्हता, तर या कलमाचा आसरा नाही. प्रत्येक तहसील कचेरीच्या भिंतीवर ते मोठ्या अक्षरांत लावावे.

धरणांसाठी २०२१ मध्ये वेगळा सुरक्षा कायदा झाला व पूर्वसूचनेची जबाबदारी धरणाच्या मालकावर आली. मात्र तो लागू होतो पंधरा मीटरहून उंच धरणांना, आणि काही अटी पुऱ्या होत असतील तर दहा मीटरपर्यंतच्या. गावतळी बहुधा या मापात बसत नाहीत. मुशीच्या खोऱ्यात फुटलेली २२१ तळी मुख्यतः अशाच लहान बांधांची होती.

खजुरीला यात आणखी एक पेच आहे. खात्याच्या नकाशावर मराठवाडा एक विभाग, उत्तर अंतर्गत कर्नाटक दुसरा, तेलंगण तिसरा. उपसागराकडून येणारा अवदाब तिन्हींतून ओळीने चालत येतो. हल्ली भ्रमणध्वनीवर धोक्याचा संदेश थेट पाठविण्याची सोय होत आहे, तो त्या त्या राज्याच्या भाषेत येतो. सीमेवरच्या गावात कानडी न वाचणारी आजी असते, तशी पलीकडच्या गावात मराठी न वाचणारीही असते. दोन्ही भाषांत एकच संदेश पाठविण्यास कायद्याची आडकाठी नाही. परंतु कलम ३० चे शब्द जिल्हा प्राधिकरणास उद्देशून आहेत, आणि उमरग्याच्या रस्त्याने खजुरीपासून थोडे पुढे गेले की दुसरा जिल्हा, दुसरे राज्य व दुसरे प्राधिकरण सुरू होते.